डॉक्टर हू आणि आजीचे शिंदे

मंडळी, एखादी टीव्ही मालिका बंद पडली की तिच्यातल्या माणसांचं पुढे काय होतं, असा विचार कधी केलाय का? आपल्याकडे फारसं काही होत नाही. नट-नट्या दुसऱ्या मालिकेत दिसू लागतात, चार दिवस चुकल्यासारखं वाटतं, मग आपण विसरतो. इंग्लंडात मात्र एक मालिका तब्बल सोळा वर्षं बंद होती, आणि त्या सोळा वर्षांत तिचा नायक जवळजवळ दर महिन्याला नव्या संकटात सापडत होता आणि त्यातून सुटतही होता. टीव्हीवर नव्हे, कागदावर. चित्रांच्या चौकटींत.

मालिकेचं नाव 'डॉक्टर हू'. आमच्या जाफराबादेत हे नाव घेतलं तर "कोणत्या दवाखान्यात बसतात?" असं विचारतील. ही मालिका मी टीव्हीवर कधी पाहिली नव्हती. माझी ओळख झाली ती थेट तिच्या कॉमिक्सशी. माझी धाकटी लेक इंग्लंडात असते. तिचा मुलगा, म्हणजे आमचा नातू, आता तेरा वर्षांचा आहे. गेल्या खेपेला ते आले तेव्हा त्याच्या बॅगेत कपडे कमी आणि कॉमिक्स जास्त. जाताना सात-आठ पुस्तकं "आबा, ही तुम्हाला" म्हणून ठेवून गेला. मी मराठी माध्यमाचा बी.ए. माणूस. शेजारी वीरकरांची डिक्शनरी घेऊन बसलो आणि दुपारची झोप सोडून ती सगळी वाचली. (आमच्या सौ.चं म्हणणं, "परीक्षेच्या वेळी एवढा अभ्यास केला असता तर हेडमास्तर म्हणून रिटायर झाला असतात.")

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर ही मालिका सुरू झाली. नायक परग्रहावरचा. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, सगळे नुसतं 'डॉक्टर' म्हणतात. त्याच्याकडे एक निळी पेटी आहे, पूर्वी लंडनच्या रस्त्यांवर पोलिसांना फोन करायला असायची तशी. बाहेरून कपाटाएवढी, आत शिरलं तर वाडा. त्या पेटीत बसून तो कुठल्याही काळात, कुठल्याही ग्रहावर जातो. आणि मरायला टेकला की त्याचा देह बदलतो, नवा चेहरा, नवा स्वभाव, पण माणूस तोच. परकायाप्रवेश म्हणावा तर तेही नाही, कारण काया दुसऱ्याची नाही, त्याचीच. ही युक्ती निघाली १९६६ साली, पहिल्या नटाची, विल्यम हार्टनेल यांची, तब्येत साथ देईना म्हणून. अडचणीतून निघालेल्या त्या युक्तीवर मालिका आजवर टिकली.

माझ्या पिढीच्या वाचकांना इथे वेताळ आठवला असेल. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स काढायला सुरुवात केली, ती मराठीतूनही येत. जालन्याहून कुणी आलं की एखादा अंक गावात यायचा आणि मग हातोहात फिरून त्याची पानं मऊ कापडासारखी व्हायची. वेताळाचं डॉक्टरच्या बरोबर उलट आहे. बापामागून मुलगा, मुलामागून नातू तोच मुखवटा चढवतो आणि जंगलातल्या लोकांना वाटतं की हा एकच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे. तिथे माणसं बदलतात आणि चेहरा एक. इथे चेहरे बदलतात आणि माणूस एक. नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आबा, तुमचा वेताळ चीटिंग करतो." मी वाद घातला नाही.

आता कॉमिक्सकडे वळतो. मालिका सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं, तोच नोव्हेंबर १९६४ मध्ये 'टीव्ही कॉमिक' नावाच्या मुलांच्या साप्ताहिकात डॉक्टरची चित्रकथा सुरू झाली. टीव्हीवर डॉक्टरबरोबर जी माणसं होती ती इथे घेतलेली नव्हती. मग कॉमिकवाल्यांनी काय केलं? डॉक्टरला दोन नवी नातवंडं दिली, जॉन आणि जिलियन. टीव्हीवर ही पोरं कधीच आली नाहीत. कागदावर मात्र आजोबांचा हात धरून वर्षानुवर्षं ग्रहांवर हिंडली. एक म्हातारा, दोन नातवंडं आणि वाट्टेल तिथे नेणारी एक पेटी. कुणाला नको आहे हो असं?

मालिकेतले सगळ्यात गाजलेले खलनायक म्हणजे डालेक. लोखंडी पिंपात बसलेले, हात म्हणून काठ्या पुढे आलेले. त्यांचे हक्क लेखक टेरी नेशन यांच्याकडे होते, म्हणून टीव्ही कॉमिकमध्ये सुरुवातीला डालेक नाहीत. ते १९६५ पासून दुसऱ्याच साप्ताहिकात, 'टीव्ही सेंच्युरी ट्वेंटीवन' मध्ये नांदू लागले, तिकडे डॉक्टर नाही. भावांच्या वाटण्या झाल्या की गाय एकाकडे आणि गोठा दुसऱ्याकडे जातो, त्यातलाच प्रकार! पण डालेकांची ती चित्रकथा रंगीत होती. टीव्हीवरची मालिका १९७० पर्यंत काळी-पांढरीच होती. म्हणजे इंग्लंडातल्या पोरांनी डालेकांचे रंग आधी पाहिले ते कागदावर.

असाच प्रकार अमेरिकेत 'स्टार ट्रेक'चा झाला. (ही मालिका मात्र ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर लागायची. टोकदार कानांचा स्पॉक आठवतोय?) तिची कॉमिक्स १९६७ साली निघाली आणि ती काढली इटलीतल्या चित्रकारांनी. त्यातल्या आल्बेर्तो जोलित्ती यांनी मालिका पाहिलेलीच नव्हती. हातात नुसते फोटो. मग त्या अंतराळयानाच्या शेपटीतून दिवाळीच्या बाणासारखे जाळ निघताना दिसतात, जे मालिकेत कधी निघत नाहीत. जाणकार लोक त्याला हसतात. मला हसू आलं नाही. आपल्याकडे किती चित्रकारांनी हिमालय न बघता कैलास काढला, समुद्र न बघता द्वारका काढली. ऐकीव गोष्टीला कुणी हात-पाय दिले की त्यात थोडी त्या देणाऱ्याच्या गावची माती येणारच. फक्त ही माती कुणाच्या नावाला लागते, ते बघावं लागतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

१९७९ च्या ऑक्टोबरात डॉक्टरचं स्वतःचं साप्ताहिक निघालं, पुढच्या वर्षी ते मासिक झालं. त्यात चित्रकथा असायचीच. इथे चित्रकारांना मोकळं रान मिळालं. टीव्हीवर राक्षस दाखवायचा तर कुणाला तरी रबराचा अंगरखा शिवावा लागतो, पैसे मोजावे लागतात. कागदावर शाई तेवढीच लागते, स्वयंपाकघर काढा नाहीतर आकाशगंगा काढा. फ्रोबिशर नावाचा डॉक्टरचा एक सोबती तर रूप बदलणारा प्राणी आहे आणि त्याला पेंग्विन होऊन राहायला आवडतं. टीव्हीवर हे करून दाखवा बघू!

मग ६ डिसेंबर १९८९ ला मालिकेचा भाग दाखवला गेला आणि पुढचा भाग आलाच नाही. मध्ये १९९६ साली एक चित्रपट तेवढा झाला, त्यात आठवा डॉक्टर आला आणि गेला. मालिका परत सुरू झाली २६ मार्च २००५ ला, नवव्या डॉक्टरपासून. म्हणजे हा आठवा डॉक्टर टीव्हीच्या पडद्यावर एकाच संध्याकाळचा पाहुणा. पण मासिकातल्या चित्रकथेत तो पुढची नऊ वर्षं राहिला. त्याला मैत्रिणी मिळाल्या, शत्रू मिळाले, दुःखं मिळाली. १९९६ ला जे पोर दहा वर्षांचं होतं त्याचा डॉक्टर हाच, आणि तो त्याला भेटला तो बोलण्याच्या फुग्यांतून. गावात वीज गेली की आम्ही कंदील लावून वाचत बसायचो, तसंच काहीसं हे वाटलं मला. मोठा दिवा गेला म्हणून गोष्ट थांबत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडे येतो.

नातवाने ठेवून दिलेल्या पुस्तकांत बाराव्या डॉक्टरचं एक पुस्तक होतं. टायटन कॉमिक्स या लंडनच्या कंपनीने २०१४ पासून ही मालिका काढली. त्यात एक कथा आहे, 'द स्वोर्ड्स ऑफ काली', म्हणजे कालीच्या तलवारी. लेखक रॉबी मॉरिसन, चित्रं डेव्ह टेलर यांची. कथा घडते दोन काळांत. एक १८२५ सालचा हिंदुस्थान, आणि दुसरी, ऐका, चोविसाव्या शतकातली मुंबई! डॉक्टरचा तिथे एक जुना मित्र आहे, त्याचं नाव टायगर मराठा. त्याची मुलगी प्रियांका. १८२५ च्या बाजूला एक शूर राणी आहे, राणी झुलका. ठग आहेत. आणि या सगळ्यामागे हात आहे एका बड्या, धनाढ्य घराण्याचा. घराण्याचं नाव सिंदिया.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. टायगर मराठा! हॉटेलचं नाव वाटतं. पण चोविसाव्या शतकातही मुंबई आहे, तिथे मराठा नावाचा माणूस आहे, आणि साऱ्या विश्वात हिंडणारा डॉक्टर त्याला मित्र म्हणतो, हे वाचून छाती थोडी फुगली, खोटं कशाला सांगू? टीव्हीला हे जमलं नसतं. २०१८ साली मालिकेने फाळणीवर एक भाग केला, 'डीमन्स ऑफ द पंजाब', चांगला आहे, नातवाने मोबाईलवर लावून दिला म्हणून बघितला. पण त्यातला पंजाब स्पेनमध्ये जाऊन चित्रित केलाय. कॉमिकवाल्याला मुंबई हवी होती, त्याने कागद ओढून काढली.

नातवाने मात्र व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आबा, हे सिंदिया लोक कोण? खरेच होते का?"

आता गंमत बघा. हा मुलगा आमच्या सौ.चा लाडका. आजीचं माहेर शिंद्यांचं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी काही नातं नाही, साधी कुणबाऊ शेतकरी माणसं, पण आडनाव तेच. इंग्रजांनी शिंद्यांचं सिंदिया केलं, हे त्या पोराला कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्याने आजीच्या माहेरची माणसं वर्षानुवर्षं पाहिली, मामा-आजोबांच्या मळ्यात ऊस खाल्ला, आणि पुस्तकातले सिंदिया त्याला परग्रहाइतके लांबचे वाटले. मी सांगितल्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे आजी व्हिलन?" मागून सौ. म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या मराठेशाहीत वाईट करायला त्यांना आमचंच माहेर सापडलं का हो?"

त्यांनी हे हसत विचारलं, पण मी बसून राहिलो. कारण आम्ही राहतो कुठे? जाफराबाद केळना आणि पूर्णेच्या संगमावरचं गाव. याच केळनेच्या काठाने २३ सप्टेंबर १८०३ ला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज पसरली होती, भोकरदनच्या बाजूपासून जाफराबादच्या बाजूपर्यंत. आणि असईजवळ ती लढाई झाली. समोर आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवून मोठा झाला. वाटाडे म्हणत होते की जवळपास नदीला उतार नाही. वेलस्लीने पाहिलं, या काठावर एक गाव, अगदी समोर त्या काठावर दुसरं गाव. त्याने ताडलं की दोन गावं अशी समोरासमोर असतील तर त्यांचं येणं-जाणं असणारच, म्हणजे उतारही असणार. निघाला! शिंद्यांचे गोलंदाज मात्र तोफांना चिकटून लढले. इंग्रजांकडची दीड हजारावर माणसं मेली किंवा जखमी झाली. म्हातारपणी वेलस्लीला कुणी विचारलं की तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, तर वॉटर्लू न म्हणता तो 'असई' म्हणाला, असं सांगतात.

मी वर्गात इतिहास शिकवत असे तेव्हा पुस्तकात असईला फार तर एक-दोन ओळी. मी मुलांना म्हणायचो, अरे, ज्या पाण्यात तुम्ही म्हशी धुता ना, ते साधंसुधं पाणी नाही.

बरं, कॉमिकला १८२५ सालची शूर राणी हवी होती, त्यांनी झुलका नावाची काल्पनिक काढली. चालेल, गोष्ट आहे. पण १८२५ साली ग्वाल्हेरला खरी राणी होती की! दौलतरावांची पत्नी बायजाबाई, कागलच्या घाटग्यांची लेक. घोड्यावर बसणारी, भाला-तलवार चालवणारी. नवऱ्याबरोबर मोहिमांवर असे आणि असईच्या लढाईतही होती असं म्हणतात. १८२७ साली दौलतराव गेल्यावर काही वर्षं तिनेच कारभार पाहिला. काशीला ज्ञानवापीच्या विहिरीवरचा मंडप १८२८ मधला, तिचाच. सावकारीत ती भल्याभल्यांना भारी होती. म्हणजे ज्या घराण्याला कॉमिकने खलनायक केलं, त्यांना हवी ती नायिका त्याच घराण्यात, त्याच साली हयात होती. मॉरिसनसाहेबांना हे कुणी सांगितलं असतं तर कथा आणखी रंगली असती, असं माझं प्रामाणिक मत आहे.

ठगांचंही तसंच. काली, रुमाल, अंधाऱ्या रात्री, हे चित्र एवढं प्रसिद्ध झालं ते फिलिप मेडोज टेलरच्या १८३९ सालच्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीने. हा टेलर निजामाच्या चाकरीत होता, आपल्या नळदुर्गला राहिलेला. आणि आमचं जाफराबादही १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात. म्हणजे इथून निघालेली गोष्ट इंग्लंडात गेली, तिथून १९८४ साली अमरीश पुरींना घेऊन इंडियाना जोन्सच्या सिनेमात गेली, आणि तीस वर्षांनी डॉक्टरच्या कॉमिकमध्ये आली. नातवाच्या बॅगेतून आता परत जाफराबादेत. दरवेळी थोडी जास्त काळी, थोडी जास्त रक्ताळलेली. वाटमारी होत होती, माणसं मारली जात होती, हे खरंच आहे. पण त्यातलं किती कालीचं, किती पोटाचं आणि किती कंपनी सरकारच्या अहवालांचं, यावर आजही इतिहासकार भांडतात. कॉमिकात तेवढी जागा नसते हे मला मान्य आहे. पण शेकडो वर्षं मागे-पुढे फिरणाऱ्या पेटीला एकदा तरी दुसऱ्या काठावर उतरायला काय हरकत होती?

हे मी नातवाला सांगितलं. तेरा वर्षांच्या मुलाला जेवढं सांगता येईल तेवढंच. ते पुस्तक वाचू नको असं मुळीच म्हटलं नाही. आमच्या शाळेत इंद्रजालचे अंक जप्त करणारे सहकारी होते. मी ते वर्गाच्या कपाटात ठेवायचो आणि शनिवारी वाटायचो. आवडती गोष्ट हिसकावून कुणी शहाणं होत नाही. आणि डॉक्टर मला आवडलाय, त्याच्याशी माझं भांडण नाही. तो बंदूक वापरत नाही हे तर फारच आवडलं.

आठ दिवस नातवाचा काही पत्ता नव्हता. मग व्हॉट्सॲपवर एक चित्र आलं. पेन्सिलीने काढलेलं. नदी आहे, दोन काठांवर दोन गावं आहेत, आणि अलीकडच्या काठावर बाभळीखाली ती निळी पेटी. पेटीच्या दारात उंच डॉक्टर, आणि त्याच्याशी बोलते आहे घोड्यावर बसलेली एक बाई, हातात भाला. नऊवारी त्याला नीट जमलेली नाही, पण नथ आहे. (नथ आजीने सांगितली असणार.) खाली मराठीत लिहिलंय, 'बायजाबाई', त्यातला 'य' उलटा.

तेव्हापासून रोज एक प्रश्न येतो. शिंद्यांच्या पलटणींचा सरदार जर्मन होता ना, पोलमन, त्याच्या कोटाचा रंग कोणता? तोफ ओढायला किती बैल लागतात? लढाईच्या दिवशी ऊन होतं का पाऊस? बैलांचं मी गावातल्या जुन्या माणसांना विचारून कळवलं. कोटाचा शोध चालू आहे. कालचा प्रश्न असा, की सप्टेंबरात केळनेला पाणी कुठपर्यंत असतं, घोड्याच्या गुडघ्यापर्यंत की पोटापर्यंत, कारण त्याला पुढच्या चौकटीत बायजाबाईंना नदी ओलांडायला लावायची आहे. यंदा पाऊस बरा आहे. उद्या सकाळी काठी घेऊन जाऊन बघतो.